वादळाची वर्दी आणि वस्तीची तयारी

समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली की आपल्या वस्त्यांतून दोन प्रकारची बोलणी कानावर येतात. कुणी म्हणतो, "वरच्याच्या मनात असेल तसे होईल." दुसरा म्हणतो, "ते कोळीवाड्याचे बघायचे काम, आपल्याला काय त्याचे?" ही दोन्ही बोलणी घातक आहेत. पहिल्यात माणूस हातपाय गाळून बसतो, दुसऱ्यात तो बेसावध राहतो. म्हणून या वेळी आम्ही वाचकांपुढे एका वादळाची हकिगत ठेवणार आहोत. ते आपल्याकडचे नाही. ते २००५ साली अमेरिकेत आले आणि त्याचे नाव कतरिना. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, हवामान खात्याने बरोबर वर्दी दिलेली असताना हजाराहून अधिक माणसे मेली. ती कोण होती आणि मागे का राहिली, हे प्रत्येक बौद्ध कुटुंबाने समजून घ्यावे असे आम्हास वाटते.

आधी वादळ म्हणजे काय ते पाहू. तथागतांनी आपल्याला कार्यकारणाचा नियम दिला. कारणाशिवाय काही घडत नाही, आणि ते कारण एकतर निसर्गाच्या नियमात असते किंवा माणसाच्या कृतीत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे. वादळालाही हाच नियम लागू आहे.

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण पट्ट्यात समुद्राचे पाणी तापते. ते साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर गेले, आणि ही ऊब वरच्या थराबरोबर खाली दीडशे फुटांपर्यंत पोचली, की वादळाला लागणारे इंधन तयार झाले. पाण्याची वाफ होऊन वर जाते. वर थंडाव्यात तिचे पुन्हा पाणी होते, आणि तेव्हा तिच्यातील उष्णता बाहेर पडते. आमच्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको. भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढताना हाताला वाफ लागली, तर उकळत्या पाण्याच्या शिंतोड्यापेक्षा तिचा चटका अधिक बसतो. वाफेचे कातडीवर पाणी होते आणि तिच्या पोटातली सारी उष्णता हाताला मिळते, म्हणून तसे होते. आकाशात हाच प्रकार शेकडो मैलांच्या पट्ट्यात चालतो. हवा तापून वर जाते, खाली दाब कमी होतो आणि ती जागा भरायला चहूकडून वारे धावतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हे वारे सरळ न येता वळत येतात आणि गरगर फिरणारे चक्र तयार होते. आपल्या उत्तर गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. अगदी विषुववृत्तावर हे वळण मिळत नाही, म्हणून तेथे चक्रीवादळ होत नाही. वादळ जमिनीवर आले की खालची वाफ तुटते आणि त्याचा जोर ओसरतो.

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्यालाच अटलांटिक समुद्राकडे हरिकेन आणि चीन-जपानकडे टायफून म्हणतात. हरिकेन हा शब्द गोऱ्या लोकांचा नव्हे, कॅरिबियन बेटांवरच्या मूळच्या रहिवाशांचा आहे. सायक्लोन हा शब्द मात्र आपल्याच कलकत्त्यात जन्मला. तेथे राहणारे हेन्री पिडिंग्टन या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात तो रूढ केला. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर वादळ आले, पुढे दुष्काळ पडले, आणि मग १८७५ साली सरकारने भारतीय हवामान खाते उभे केले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वादळात वाऱ्यापेक्षा पाण्याने अधिक माणसे मरतात. वारा समुद्राचे पाणी ढकलीत किनाऱ्यावर आणतो. ही लाट येते आणि जाते अशी नसते. समुद्राची पातळीच कित्येक फूट चढते आणि पाणी घरात शिरून तेथेच राहते.

आता कतरिनाचे दिवस पाहू. २३ ऑगस्ट २००५ रोजी बहामा बेटांजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झाला. दुसऱ्या दिवशी त्याला नाव मिळाले. २५ तारखेला ते फ्लोरिडा राज्यावरून गेले तेव्हा ते साधारणच होते. पण पुढे मेक्सिकोचे आखात लागले, आणि आखाताचे पाणी चांगलेच तापलेले होते. २८ ऑगस्टला, रविवारी, वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटरवर गेला. हरिकेनचे पाच वर्ग मानतात, त्यांतला हा पाचवा, सर्वांत वरचा. वादळाचा रोख लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लीन्स शहराकडे होता. या शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली, वाडग्यासारखा आहे. एका बाजूला मिसिसिपी नदी, दुसऱ्या बाजूला मोठे सरोवर, आणि मध्ये बांध व भिंती घालून अडवलेले पाणी.

हवामान खाते झोपलेले नव्हते, हे त्यांच्या श्रेयासाठी सांगितले पाहिजे. हरिकेन केंद्राचे प्रमुख मॅक्स मेफील्ड यांनी स्वतः फोन करून राज्याच्या व शहराच्या अधिकाऱ्यांना सावध केले. रविवारी सकाळी स्थानिक हवामान कार्यालयाने पत्रक काढले. हा भाग कित्येक आठवडे राहण्याजोगा उरणार नाही आणि पिण्याच्या पाण्यावाचून माणसांचे अतोनात हाल होतील, असा त्यातला इशारा होता. महापौर रे नेगिन यांनी त्याच सकाळी शहर रिकामे करण्याचा सक्तीचा हुकूम काढला. वादळ सोमवारी पहाटे किनाऱ्याला लागले. म्हणजे हुकूम आणि वादळ यांच्यात पुरता एक दिवसही नव्हता.

हुकूम निघाला आणि शहर व आसपासच्या भागातून दहा लाखांच्या आसपास माणसे आपापल्या मोटारी घेऊन निघून गेली. रस्त्यांच्या दोन्ही बाजू बाहेर जाणाऱ्यांसाठी मोकळ्या केल्या होत्या. ही व्यवस्था चांगली होती, पण ती मोटारवाल्यांसाठी होती. शहरात सुमारे एक लाख माणसांच्या घरी मोटार नव्हती. हे कुणाला ठाऊक नव्हते असेही नाही. आदल्या वर्षीच, २००४ साली, अधिकाऱ्यांनी एक काल्पनिक वादळ मांडून त्यावर कवायत केली होती आणि वाहनांवाचून माणसे अडकतील हे त्यांना दिसले होते. तरीही त्यांना नेण्यासाठी पुरेशा बसगाड्या आणि चालक वेळेवर उभे राहिले नाहीत. शहराच्या शाळांच्या पुष्कळशा बसगाड्या आगारात उभ्याच राहिल्या आणि पुढे त्याच पाण्यात बुडाल्या.

आम्ही पेशाने कारकून, म्हणून सवयीप्रमाणे या घटनेचा हिशेब मांडून पाहतो. शहर सोडायचे तर काय लागते? गाडी, गाडीत तेल, वाटेत राहायला भाड्याची खोली, चार दिवसांचे जेवण, बुडालेली रोजी आणि परत येण्याचा खर्च. तारीख कोणती होती? २८. महिनाअखेर. पगार आणि सरकारी मदतीचे धनादेश पहिल्या तारखेला यायचे होते. ज्या घरात महिनाअखेरीला किराणा उधारीवर येतो, त्या घराला हे वेगळे समजावून सांगायला नको. "सांगूनही ते गेले का नाहीत?" असे टीव्हीसमोर बसून विचारणारे लोक तेव्हा अमेरिकेत होते, आपल्याकडेही असतात. हुकूम पाळायलाही पैसा लागतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. जे थांबले त्यांतले काही हट्टाने थांबले असतील. पण पुष्कळजण म्हातारे, आजारी, खाटेला खिळलेले किंवा त्यांची सेवा करणारे होते. लुइझियानात मेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे होते.

मागे राहिलेल्यांपैकी सुमारे दहा हजार माणसांनी सुपरडोम या खेळाच्या प्रचंड बंदिस्त मैदानात आसरा घेतला. वादळाने त्याचे छप्पर फाटले. वीज गेली, पाणी गेले, संडास तुंबले. पुढे तेथील संख्या दुप्पट झाली.

प्रत्यक्ष किनाऱ्याला लागताना कतरिनाचा जोर उतरला होता. वारा ताशी २०० किलोमीटरवर, म्हणजे तिसऱ्या वर्गात आला होता. मग शहर बुडाले कसे? कालव्यांच्या भिंती फुटल्या म्हणून. काही ठिकाणी तर पाणी भिंतीवरून वाहण्याआधीच भिंत ढासळली. या भिंती अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने बांधल्या होत्या, आणि आराखड्यातच दोष होता हे त्या दलाने २००६ साली मान्य केले. शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. लोअर नाइन्थ वॉर्ड ही कष्टकरी काळ्या लोकांची वस्ती. तेथील भिंत फुटली तेव्हा पाण्याच्या लोंढ्याने घरे पायापासून उचलून नेली.

येथे आमच्या डोळ्यांपुढे बाबासाहेब उभे राहतात. व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद झाली. तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. नुसते बांध घालून पूर आवरत नाही, पाणी साठवून ते लोकांच्या उपयोगी आणले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे हिराकुड धरण झाले त्याचा पाया याच विचारात आहे. बांधावर भरवसा ठेवून खाली माणसे वसवायची आणि बांधाची देखभाल विसरायची, ही चूक न्यू ऑर्लीन्सने साठ वर्षांनंतर केली.

कतरिनातील मृतांचा आकडा आधी १,८३३ धरला जात होता. २०२३ साली अमेरिकेच्या हरिकेन केंद्राने तो तपासून १,३९२ केला. त्या वेळी न्यू ऑर्लीन्समध्ये दर तिघांपैकी दोघे काळे होते, आणि पाण्यात अडकलेल्यांमध्येही बहुसंख्य तेच. १ सप्टेंबरला अडकलेल्यांपैकी काहीजण नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या कोरड्या गावात पायी निघाले. पलीकडच्या पोलिसांनी बंदुका रोखून त्यांना परत लावले. त्यांतले बहुतेक काळे होते. अन्न नाही, पाणी नाही, कडेवर पोरे आणि पुढे बंद रस्ता. गावाच्या वेशीवर अडवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

काळ्या लोकांच्या दुःखाशी आपले नाते नवे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील सारखेपणाचा उल्लेख केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊनच. म्हणून न्यू ऑर्लीन्सची हकिगत आम्ही परक्याची समजत नाही.

त्या वेळी अमेरिकेतील काही धर्मोपदेशकांनी हे वादळ म्हणजे पापाची शिक्षा असे सांगितले. आपल्याकडे १९३४ साली बिहारला भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटली होती, आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली होती. हेतू चांगला असला तरी असा विचार आम्हास मान्य नाही. भूकंपात अस्पृश्यांच्या झोपड्याही पडल्याच. शिक्षा म्हटले की चौकशी थांबते. भिंत कुणी बांधली, बस का आली नाही, पूल कुणी अडवला, हे प्रश्न मग कुणी विचारीत नाही. वादळ निसर्गाचे, पण मरण पुष्कळदा माणसांच्या कारभाराने येते.

कारभार बदलला की मरण कमी होते याचे दाखले आहेत. क्युबा हा गरीब देश. २००४ साली आयव्हान नावाचे पाचव्या वर्गाचे हरिकेन त्याच्या पश्चिम टोकाला चाटून गेले. सरकारने आधीच सुमारे १९ लाख लोक हलवले होते आणि एकही माणूस दगावला नाही. तेथे कोणत्या घरात म्हातारे आहे, कोणती बाई गरोदर आहे, याची गल्लीवार माहिती आधीपासून असते.

बांगलादेशाच्या भूमीवर १९७० च्या वादळात तीन ते पाच लाख माणसे मेली. १९७२ पासून तेथे गावोगाव स्वयंसेवक तयार करण्यात आले. तरी १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार बळी गेले आणि त्यांत स्त्रिया फार होत्या. घर आणि मुले सोडून निघायचे कसे, घरच्या पुरुषाला विचारल्याशिवाय जायचे कसे, निवाऱ्यात परक्या पुरुषांत राहायचे कसे, या विचारात त्या थांबल्या. त्यानंतर निवारे वाढले, स्वयंसेवकांत स्त्रिया वाढल्या, आणि २००७ च्या सिडर वादळात बळींची संख्या साडेतीन हजारांच्या आत राहिली. ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार मेले. मे २०१९ मध्ये फनी आले तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक आधी हलवले गेले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले.

आपला अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. आता त्याचेही पाणी तापू लागले आहे आणि गेल्या काही दशकांत तेथील वादळे वाढली आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धनकडच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या करून गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईजवळून गेले. हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधीपासून होता. तरीही मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटरवर तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा अडीचशेहून अधिक कामगारांसह समुद्रातच राहिला. १७ मे रोजी तो नांगर तुटून वाहवत गेला आणि बुडाला. नौदलाने जीव धोक्यात घालून पुष्कळांना वाचवले. तरी तो तराफा आणि एक टगबोट मिळून ८० हून अधिक माणसे गेली. इशारा कामगाराच्या कानावर जाऊन उपयोग नसतो. किनाऱ्याकडे परत फिरण्याचा हुकूम देणे त्याच्या हाती नसते. म्हणून कामगार संघटनांनी धोक्याच्या वेळी काम थांबवण्याचा हक्क लेखी मागून घ्यावा असे आमचे मत आहे.

वादळानंतरही जात जागीच असते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी दलितांना मदतीत मागे ठेवले गेले, छावणीत वेगळे बसवले गेले, पाण्यापासून अडवले गेले. याच्या नोंदी मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी केल्या आहेत. तेव्हा "वेळ आली की सगळे एक होतात" या भरवशावर राहू नये.

मग आपण काय करावे? जे आपल्या हातचे आहे तेवढेच येथे सांगतो.

विहार समितीने किंवा मंडळाने वस्तीची एक वही करावी. एकटे राहणारे म्हातारे, अपंग, गरोदर बाया, तान्ही मुले, रोज औषध लागणारे आजारी यांची घरवार नावे तीत लिहावीत, आणि प्रत्येक नावापुढे त्यांना उचलून नेणाऱ्या दोन तरुणांची नावे लिहावीत. न्यू ऑर्लीन्समध्ये हीच वही नव्हती.

आपल्या वॉर्डाचा किंवा गावाचा निवारा कोणता, त्याची किल्ली कुणाकडे, तेथे स्त्रियांसाठी वेगळी जागा व संडास आहे काय, हे पावसाळ्याआधी जाऊन डोळ्यांनी पाहावे. नसेल तर नगरसेवकाकडे, तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी आश्वासनाची नोंद कुठल्याही दप्तरात राहत नाही.

रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, बँकेचे पुस्तक, आधारकार्ड हे सारे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून हाताशी ठेवावे. भिजलेला जातीचा दाखला पुन्हा काढायला किती हेलपाटे पडतात ते ज्याने काढला त्याला विचारा. पिशवीजवळ विजेरी, औषधे, चार दिवस टिकेल असा कोरडा खाऊ आणि झाकणाच्या भांड्यात पिण्याचे पाणी ठेवावे. छपराचे पत्रे वेळीच आवळून घ्यावेत. निघताना गॅस बंद करावा आणि विजेचा मुख्य खटका पाडावा.

बातमी रेडिओवरची किंवा हवामान खात्याची खरी मानावी, फोनवर फिरणारी नव्हे. बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लागला ते समजून घ्यावे. आणि एक गोष्ट मुलांना मुद्दाम शिकवावी. वादळाच्या मध्यभागी डोळा असतो. तो वरून जाताना वारा एकदम पडतो, आकाशही उघडते. संपले असे वाटून माणसे बाहेर येतात, आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेचा वारा तितक्याच जोराने येतो. अधिकृत निरोप येईपर्यंत निवारा सोडू नये.

भगिनींना आमचे वेगळे सांगणे आहे. घरातला पुरुष कामावरून येण्याची वाट पाहू नका. निघायचा निरोप आला की मुले घेऊन निघा. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात.

बाबासाहेबांनी आपल्याला दैवाच्या तावडीतून सोडवले ते हातावर हात ठेवून बसण्यासाठी नव्हे. प्रज्ञा म्हणजे वादळाचे कारण जाणणे आणि करुणा म्हणजे शेजारच्या म्हातारीला पाठीवर घेऊन निवाऱ्यात पोचवणे. येत्या पौर्णिमेला वंदना झाली की विहारातच ती वही उघडावी आणि पहिल्या पानावर वस्तीतल्या सर्वांत वृद्ध माणसाचे नाव लिहावे, एवढी आमची विनंती आहे.

जयभीम.